अठरा माणसं आणि दहा शब्द

फार पूर्वी, म्हणजे ज्या काळाबद्दल काहीही सांगितलं तरी खोडून काढायला आज कुणी उरलेलं नाही अशा काळी, कोकणच्या किनाऱ्यावर एक लहानसं गाव होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे माडांच्या सावलीत तेल्यांची वीस-एक घरं. हे तेली शनिवारी घाणा जुंपत नसत. त्या दिवशी बैलाला सुट्टी, माणसाला सुट्टी, चुलीलाही सुट्टी. म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते स्वतःला इस्राएलाची लेकरं म्हणत.

त्यांच्या पूर्वजांचं गलबत याच किनाऱ्यावर फुटलं होतं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या, भांडी बुडाली, घरचा पत्ताही बुडाला. उरलं ते तोंडात होतं तेवढं. त्या उरलेल्यावर त्यांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या, पुढे पोथी मिळवली आणि माडांच्या बनात एक प्रार्थनाघर बांधलं.

त्यांचा एक कडक नियम होता. दहा जाणते पुरुष जमल्याशिवाय पोथी बाहेर काढायची नाही आणि मेलेल्या माणसासाठीची प्रार्थनाही म्हणायची नाही. नऊ असोत आणि नऊच्या नऊ पुण्यवान असोत, चालत नसे. दहा असोत आणि त्यातले चार डुलक्या घेत असोत, चालत असे.

हे दहा मोजण्याची रीतही वेगळी होती. माणसं मोजू नयेत, गुरं मोजावीत, असं ते मानत. म्हणून त्यांनी दहा शब्दांची एक जुनी ओळ धरून ठेवली होती. पहिल्या माणसाने पहिला शब्द म्हणायचा, दुसऱ्याने दुसरा. दहावा माणूस आला की ओळ पुरी व्हायची. नऊच असले तर ओळ हवेत लटकत राहायची आणि सगळे दाराकडे बघत बसायचे.

या गावात हसाजी नावाचा तेली राहत होता. शांत माणूस. घाण्याभोवती बैल फिरायचा आणि हसाजी घाण्याच्या लाटेवर, म्हणजे बैल ओढतो त्या आडव्या लाकडावर, बसून बैलाबरोबर फिरत फिरत स्वप्नं बघायचा. त्याचा थोरला भाऊ एलोजी शेजारच्याच खोलीत राहायचा, आणि दोघांची म्हातारी आई दोघांच्या मधल्या ओसरीवर. ती गावची सुईण होती. गावातल्या निम्म्या पुरुषांना तिनेच पहिली आंघोळ घातली होती, त्यामुळे ती कुणालाच फारसं मोठं समजत नसे.

प्रार्थनाघरात पोथीच्या कपाटापुढे एक दिवा अखंड तेवत असे. तेल प्रत्येक घराने पाळीपाळीने घालायचं. कुणी तिळाचं घालायचा, कुणी खोबरेल. दिव्याने कधी तक्रार केली नव्हती.

एका शनिवारी ऐन प्रार्थनेत दिवा विझला. वात आखूड झाली असेल, पाल पडली असेल, वारा आला असेल. पण एवढ्या साध्या कारणाने गावाचं समाधान होईना. सभा भरली.

"खोबरेलाने घात केला," तिळाचा घाणा असलेला एकजण म्हणाला. "थंडीत गोठतं ते. देवापुढे काय गोठलेला गोळा ठेवायचा?"

"आणि तुमच्या तिळाच्या तेलाची काजळी?" खोबऱ्याचा घाणा असलेला दुसरा म्हणाला. "कपाट बघा. कोळशाच्या वखारीसारखं झालंय."

सभा तीन महिने चालली. पहिल्या महिन्यात तेलाबद्दल बोलणं झालं, दुसऱ्या महिन्यात एकमेकांच्या आजोबांबद्दल, आणि तिसऱ्या महिन्यात कुणीच कुणाशी बोललं नाही, पण सभेला मात्र सगळे वेळेवर हजर होते. शेवटी खोबरेवाले उठले आणि त्यांनी समोरच, तीस पावलांवर, नवं प्रार्थनाघर बांधलं. हुबेहूब जुन्यासारखं, फक्त हातभर उंच. कोचीहून गलबताने नवी पोथी आणली. तिच्यात तोच मजकूर होता, याचं दोन्ही बाजूंना जरा वाईटच वाटलं.

एलोजी तीळवाल्यांत राहिला. हसाजीचा घाणा खोबऱ्याचा, तो खोबरेवाल्यांत गेला. भावाभावांनी दोन खोल्यांमधलं दार बंद करून तिथे झापांचा कूड घातला. आई ओसरीवर बसून बघत होती.

"आई, तू कुठल्या प्रार्थनाघरात येणार?" हसाजीने विचारलं.

"कुठल्याच नाही. मी इथूनच ऐकेन. दोन्हीकडचं ऐकू येतं मला, आणि दोन्हीकडे तुम्ही सारखेच बेसूर गाता."

"पण तेल कुठलं बरोबर, ते तरी सांग."

"तुम्हाला सगळ्यांना मी तेल चोळून न्हाऊ घातलंय. घरात असेल ते तेल. तेव्हा एकानेही चौकशी केली नव्हती. नुसते रडत होतात."

सुरुवातीला दोन्हीकडे बरोबर दहा दहा पुरुष होते. देवानेच सारखी वाटणी केली, असं दोन्ही बाजू म्हणत. मग वर्षाच्या आत खोबरेवाल्यांतला एक म्हातारा वारला, आणि तीळवाल्यांतला एकजण गलबतावर खलाशी होऊन गेला तो गेलाच. उरले नऊ आणि नऊ. दोन्ही घरांत नवव्या शब्दाशी ओळ अडू लागली. दोन्ही पोथ्या कपाटात बंद राहिल्या. दिवे मात्र दोन्हीकडे झकास तेवत होते.

मध्यंतरी एक फिरता पंडित आला. उंटाच्या आणि गलबताच्या वाटेने देशोदेशीच्या आपल्या लोकांना भेटत तो हिंडत असे. तो एक दिवस या घरात बसे, एक दिवस त्या घरात, त्यामुळे आळीपाळीने दोन्हीकडे दहा होऊ लागले. लोकांनी त्याला मासे खाऊ घातले आणि विचारलं, "पंडितबाबा, खरं तेल कुठलं?"

"आमच्याकडे जैतुनाचं घालतात," तो म्हणाला.

यावर दोन्ही बाजूंना दोन वर्षांत पहिल्यांदाच एकाच गोष्टीचं हसू आलं.

मग पंडिताने त्यांना जुन्या गोष्टी सांगितल्या. एका राजाच्या मागे राज्याचे दोन तुकडे कसे झाले, बारांपैकी दहा वंश एकीकडे आणि दोन दुसरीकडे कसे गेले, आणि पुढे ते दहा असे हरवले की आजवर सापडले नाहीत. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी पवित्र नगरीला शत्रूचा वेढा पडला, तेव्हा आतल्या लोकांचे तीन तट होते आणि त्यांनी एकमेकांची धान्याची कोठारं जाळली.

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय? शत्रूला फार कष्ट पडले नाहीत."

सगळे गंभीर झाले. तीळवाल्यांचा मुकादम, म्हणजे प्रार्थनाघराचा कारभारी, मान हलवत म्हणाला, "अगदी या खोबरेवाल्यांसारखेच होते म्हणायचे ते कोठारं जाळणारे." नेमकं हेच वाक्य, फक्त तेल बदलून, समोरच्या घरातही म्हटलं गेलं.

जाताना पंडित एवढंच म्हणाला, "तेव्हा दहा वंश हरवले. तुमचं एका माणसावाचून अडलंय. प्रगती आहे." आणि तो गलबतात बसून निघून गेला.

त्या पावसाळ्यानंतर आई आजारी पडली. दोन्ही मुलं तिच्या दोन बाजूंना बसली. तिने डोळे उघडले.

"माझ्यासाठी प्रार्थना म्हणाल ना रे?"

"म्हणू आई," दोघं म्हणाले.

"दहाजणांत म्हणा. पुरी. अर्धवट काही मला आवडत नाही. बाळंतपणही मी कधी अर्धवट सोडलं नाही." एवढं बोलून तिने डोळे मिटले, आणि संध्याकाळच्या आत ती गेली.

तिला माती द्यायला गावातले सगळे पुरुष आले. कबरीच्या एका बाजूला तीळवाले उभे राहिले, दुसऱ्या बाजूला खोबरेवाले. एलोजीने पहिला शब्द म्हटला. त्याच्या बाजूने शब्द पुढे सरकत गेले आणि नवव्याशी थांबले. मग हसाजीने पहिला शब्द म्हटला. त्याच्याही बाजूचे शब्द नवव्याशी थांबले. कुणीतरी खाकरलं. माडांच्या झावळ्या सळसळल्या. अठरा माणसं उभी होती आणि दहा भरत नव्हती.

आईवर माती पडली. प्रार्थना झाली नाही.

रिवाजाप्रमाणे दोघा भावांनी सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळायचं होतं. दोघं बसले, कुडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. शेजाऱ्यांनी मसुरीची आमटी आणि उकडलेली अंडी आणून दिली. आमटी दोन पातेल्यांत आली, एकीला तिळाच्या तेलाची फोडणी, दुसरीला खोबरेलाची. दोन्हींत मीठ कमी होतं.

तिसऱ्या दिवशी हसाजी कुडाला तोंड लावून म्हणाला, "दादा."

"काय?"

"तू आमच्याकडे ये ना एकदा. एकच दिवस. दहा होतील."

"मी? मी थोरला. तू ये."

"मी आलो तर आमचा मुकादम म्हणतो, पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"आमचाही तेच म्हणतो. त्यांचं एवढ्या बाबतीत एकमत आहे."

थोड्या वेळाने पलीकडून एलोजीचा आवाज आला, "हसा, जेवलास का?"

"जेवलो. मीठ नव्हतं."

"इकडेही नव्हतं."

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी सकाळी सुतक उठलं. मावळतीपूर्वीच्या प्रार्थनेला आईची प्रार्थना झाली नाही, तर सात दिवस कोरडे गेले असं होणार होतं. हसाजी घाण्याशी जाऊन बसला. बैल मोकळा होता. दुपारची हवा जड, खारट, समुद्रावर पांढरं धुकं, आणि त्या धुक्यात समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. घाण्याच्या लाटेला टेकून हसाजीचा डोळा लागला.

त्याला दिसलं की तो किनाऱ्यावर उभा आहे आणि पाण्यातून माणसं वर येताहेत. सात पुरुष, सात बायका. नखशिखांत भिजलेली, पण पावलांचे ठसे मात्र वाळूत उमटत नव्हते. त्यांच्यामागे एक गलबत काहीही आवाज न करता बुडत होतं, एखादा माणूस शांतपणे झोपी जावा तसं. ती माणसं वाळूवर गोल करून उभी राहिली. एक बाई म्हणाली, "माझ्याजवळ एक शब्द उरलाय." आणि तिने ओंजळ उघडली. ओंजळीत दिव्याएवढा उजेड होता.

"माझ्याजवळही एकच," एक म्हातारा म्हणाला.

"माझाही एकच वाचला. बाकी सगळे पाण्यात गेले."

मग ज्यांच्याजवळ शब्द उरला होता त्या नऊजणांनी तो म्हटला, एकामागून एक. कुणाजवळच अख्खी ओळ नव्हती. ओळ त्या गोलातून फिरत फिरत हसाजीपर्यंत आली आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तुझा शब्द, बाळा?" बाई म्हणाली. तिचा आवाज ओळखीचा होता.

हसाजीने तोंड उघडलं. मनापासून, छातीतून, सगळा जीव एकवटून तो म्हणाला, "खोबरेल."

भिजलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणी रागावलं नाही. म्हातारा फक्त हळूच म्हणाला, "नाही रे. हा त्यात नव्हता." आणि एकेक करून ती माणसं धुक्यात विरली, ओळ तशीच अर्धवट टाकून.

हसाजी दचकून जागा झाला. लाजेने त्याचे कान तापले होते. त्याने तोंड धुतलं, डोक्याला टोपी घातली आणि कुणालाही न सांगता, वाडीतून मागच्या वाटेने, केळी आणि पोफळींमधून वाकून वाकून तो तीळवाल्यांच्या प्रार्थनाघरात शिरला.

तीळवाल्यांच्या मुकादमाला हर्ष झाला. "या हसाजीबुवा! मला ठाऊकच होतं. चला रे, आज ओळ पुरी होणार!"

शब्द सुरू झाले. पहिला, दुसरा, तिसरा. हसाजीने सहावा म्हटला. नववा झाला. आणि सगळे थांबले.

"असं कसं?" मुकादम म्हणाला. "आपण नऊ, हा एक. एलोजी कुठाय?"

खिडकीशी बसलेला एकजण बाहेर बघत म्हणाला, "समोर."

हसाजीने पाहिलं. तीस पावलांवरच्या खिडकीत त्याचा थोरला भाऊ, डोक्याला टोपी घालून, खोबरेवाल्यांमध्ये उभा होता आणि तोंड उघडं टाकून त्याच्याकडेच बघत होता. तिकडेही नववा शब्द होऊन गेला होता.

दोघं एकदमच दारातून बाहेर पडले आणि मधल्या वाळूत समोरासमोर आले.

"तू तिकडे काय करत होतास?" एलोजी म्हणाला.

"तुझ्यासाठी गेलो होतो. आणि तू?"

"मी समोरच्या वाटेने गेलो. ताठ मानेने. म्हटलं, मुकादमाला दिसलं तर दिसू दे."

"मी मागच्या वाटेने आलो. काटे लागले."

एलोजीला हसू फुटलं, मग हसाजीला. सात दिवसांत दोघं रडले नव्हते. आता हसता हसता रडले.

तेवढ्यात दोन्ही दारांतून दोन्ही मुकादम ओरडले.

"अरे, दोघंही इकडे या! आम्ही आठ आहोत, दहा होतील!"

"इकडे या! आम्हीही आठच आहोत! आई तुमची, आमची कुणी नव्हती काय?"

हिशोब अगदी सोपा होता. कुठल्याही एका दारात दोघं शिरले असते, तरी आईची प्रार्थना झाली असती. सूर्य समुद्राला टेकायला वीतभर उरला होता.

"चल," एलोजी म्हणाला. "तू सांगशील त्या घरात."

हसाजी जागचा हलला नाही. "दादा, आपण ज्या घरात जाऊ, ते घर उद्यापासून सांगत सुटेल की म्हातारीने मरता मरता आपल्या तेलाला कौल दिला. आणि दुसरं घर तिच्या नावाने बोटं मोडेल. दोन वर्षं ती कुठल्याच घरात गेली नाही. आता तिला मी कशाला ओढून नेऊ?"

"मग?"

"मी इथेच उभा राहतो."

"इथे दोघंच आहोत, हसा. दिवस मावळतोय. कुणी आलं नाही तर?"

"तर नाही आलं. तिला सांगू, आम्ही इथवर आलो होतो."

एलोजीने क्षणभर भावाकडे पाहिलं. मग त्याने टोपी नीट केली, पश्चिमेकडे तोंड केलं आणि मोठ्याने पहिला शब्द म्हटला. हसाजीने दुसरा म्हटला.

ओळ तिथे थांबली. लाटा येत होत्या, जात होत्या. दोन्ही खिडक्यांत डोकी दाटली होती. प्रत्येक डोकं समोरच्या खिडकीतून कोण निघतंय हे बघत होतं, त्यामुळे कुणीच निघत नव्हतं.

शेवटी खोबरेवाल्यांमधला एक ढेरपोट्या, जो कधीच कशात पुढे नसे, धोतर सावरत बाहेर आला. "मला आत उकडतंय," तो कुणी न विचारताच म्हणाला, आणि भावांशेजारी उभा राहून त्याने तिसरा शब्द म्हटला.

"त्यांचा आला!" तीळवाल्यांतला एकजण म्हणाला. "मग मला जायला काय हरकत?" आणि त्याने चौथा म्हटला. तिकडून दोघं आले, इकडून एक गुडघे धरत धरत आला. त्याने वाटेत तक्रार केली की वाळूवर उभं राहणं त्याच्या गुडघ्यांना सोसत नाही, आणि सातवा शब्द म्हटला. आठवा झाला. नववा झाला.

सूर्याची खालची कड पाण्याला लागली. सगळ्यांनी सवयीने दाराकडे पाहिलं, आणि इथे दारच नाही हे लक्षात येऊन दोन्हीकडे पाहिलं. दोन्ही उंबऱ्यांवर दोन मुकादम उभे होते. या मुकादमाचं एक पाऊल बाहेर, एक आत. त्या मुकादमाचंही तसंच.

"अहो, या की!" हसाजी ओरडला. आयुष्यात तो पहिल्यांदाच कुणावर ओरडत होता. "माझी आई थांबली आहे!"

दोघंही धावले. दोघांनी दहावा शब्द एकदमच म्हटला. आधी कोणाचा झाला, यावर त्या गावात अजून एकमत नाही. पण ओळ पुरी झाली, एवढं सगळ्यांनी मान्य केलं. मग उरलेलेही आले, कारण रिकाम्या घरात बसून काय करणार.

एलोजीने प्रार्थना सुरू केली. अर्ध्यात त्याचा आवाज बसला, तेव्हा हसाजीने ती पुढे नेली. अठराच्या अठरा माणसांनी आमेन म्हटलं, नेहमीसारखंच बेसूर. मावळतीचा उजेड सगळ्यांच्या तोंडांवर सारखाच पडला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण पुऱ्या प्रार्थनेत तिथे एकही दिवा नव्हता.

यानंतर गाव एक झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. दोन घरं तशीच राहिली, दोन तेलंही. जुनी काजळी आणि नवा गोळा, दोन्हींवर चर्चा चालू राहिली. कूड मात्र भावांनी काढला, कारण त्यातून वारा येत होता. आणि एक नवा रिवाज पडला. प्रार्थनेपूर्वी प्रत्येक घरातला एकजण समोरच्या दारात जाऊन विचारतो, "ओळ पुरी होतेय ना?" होत नसेल, तर पुढचं काही न विचारता कुणीतरी उठतो आणि तीस पावलं चालून जातो.

आज जायची पाळी कुणाची, यावर हल्ली तिथे जोराचा वाद चालतो. दोन्हीकडचे म्हणतात, आमची.

तात्पर्य: समोरच्यांना एक माणूस कमी पडत असेल, तर आधी उठून जावं. वाद कुठे पळून जात नाही, परत आल्यावर तो तिथेच बसलेला असतो.